सुंभाचा पीळ

वस्तू माणसांशी बोलत त्या काळी एका सुताराच्या घरी मनी नावाचं मांजराचं पिल्लू होतं. मनी रोज शिसवी खुर्चीचे पाय ओरबाडायची.

"पक्कडबाई, हिची नखं उपटाच!" खुर्ची कडाडली. पक्कड सरसावली.

"खबरदार!" खुंटीवरचा सुंभ गरजला. "नखांविना ती कुत्र्यापासून कशी वाचेल? सुतारदादा, मला खुर्चीशेजारच्या खांबाला गुंडाळा, ती मलाच ओरबाडेल."

"अरे काथ्या, तुझा पार भुसा होईल!" खुर्ची हसली.

"होऊ दे. माझा पीळ जायचा नाही."

सुताराने सुंभ गुंडाळला आणि मनी त्या खांबालाच नखं घासू लागली. एकदा घरात कुत्रा घुसला, तेव्हा त्याच सुंभात नखं रोवून ती आढ्यावर पोचली.

पुढे सुंभ झिजला, तेव्हा खुर्चीच ओरडली, "सुतारदादा, नवा गुंडाळा!" नव्या सुंभाचं टोक आवळून धरायला पक्कड पुढे झाली.