मेलेल्या म्हशीचा ताप

एकदा एका वृद्ध पशुवैद्याकडे एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी आली. पशुवैद्यकीय सहायकाच्या पदविकेचे तिचे हे शेवटचे वर्ष. पन्नास जनावरे तपासून वहीत पन्नास नोंदी करायच्या, गुरुजींची सही घ्यायची आणि सोमवारी वही महाविद्यालयात जमा करायची, असा नियम होता. वही नाही तर वर्ष वाया. मुलगी हुशार. पुस्तक तोंडपाठ, अक्षर सुरेख. आपल्याकडे हुशार म्हणायला एवढे पुरते.

रविवारी गावातल्या सोनाक्काच्या म्हशीने चारा सोडला. गुरुजी परगावी होते, म्हणून मुलगी एकटीच गेली. म्हैस उभी होती, रवंथ करत नव्हती, एवढेच. थर्मामीटर लावायचा तर शेपटी धरून दोन मिनिटे शेणात उभे राहावे लागते, आणि तिच्या अजून चार नोंदी बाकी होत्या. तिने पाचक पूड दिली आणि वहीत लिहिले: ताप १०१, प्रकृती सामान्य. निरोगी म्हशीचा ताप किती, हे पुस्तकात असतेच.

सोमवारी पहाटे म्हैस मेली. घटसर्प होता. या रोगात सुरुवातीला नुसता ताप दिसतो, आणि तेव्हाच इंजेक्शन मिळाले तर जनावर वाचण्याची आशा असते.

सकाळी गुरुजी मुलीला घेऊन सोनाक्काच्या गोठ्यात आले. त्यांनी वही वाचली आणि म्हणाले, "थर्मामीटर लाव."

"गुरुजी, ती मेलीय."

"दिसतंय मला. लाव."

तिने लावला. दोन मिनिटे ती शेणात उभी राहिली.

"काल ह्ये लावलं न्हवतं बाई तुमी," सोनाक्का म्हणाली. बोलण्यात तक्रार नव्हती. हात धुवायला पाणी आणते म्हणून ती आत गेली.

"किती?" गुरुजींनी विचारले.

"एकशे तीन."

"पहाटेपासून निवत पडलीय, तरी एकशे तीन. काल केवढी पेटली असेल. जनावराला दुखणं सांगता येत नाही, म्हणून आपण नळी लावून विचारतो. तू विचारलंच नाहीस. त्याच्या वतीनं उत्तर मात्र लिहून टाकलंस." मग त्यांचा आवाज खाली आला. "शनिवारपर्यंतच्या तुझ्या पंचेचाळीस नोंदी मी पाहिल्या होत्या. सगळ्या जनावरांना एकशे एक. मला तेव्हाच कळलं. तुझं वर्ष जाऊ नये म्हणून गप्प बसलो. आता आजचा ताप लिही, आणि सही कशावर करू ते तूच सांग."

सोनाक्का तांब्या आणि साबण घेऊन आली आणि मुलीच्या हातांवर पाणी घालू लागली. "जिवाला लावून घिऊ नका. रविवार असून आलात. दुसरी म्हस घेतली की तुमालाच बोलवीन."

मुलीला ते सोसवले नाही. "आक्का, काल मी ताप बघितलाच नाही. बघितला असं खोटं लिहिलं."

सोनाक्काला ते उमगायला थोडा वेळ लागला. "बघितला असता तर जगली असती?"

मुलीने गुरुजींकडे पाहिले. ते म्हशीकडे पाहत होते.

"बहुतेक जगली असती," मुलगी म्हणाली.

सोनाक्काने तांब्या खाली ठेवला आणि ती घरात गेली. मुलगी साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिली. त्या वर्षी तिची वही जमा झाली नाही.