चार पदरी फडके

फार फार जुनी गोष्ट. त्या राज्याचे नाव आता कोणाला आठवत नाही, पण त्याच्यामधून एक नदी वाहत होती आणि तिला दोन थड्या होत्या. तुम्ही म्हणाल, प्रत्येक नदीला दोनच थड्या असतात, त्यात सांगण्यासारखे काय? थांबा जरा. सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे.

ऐलथडीला राजवाडा होता, बाजार होता, सावलीचे रस्ते होते. पैलथडीला चुन्याच्या भट्ट्या होत्या. तिथली माणसे कैक पिढ्यांपूर्वी दुसऱ्या मुलखातून आलेली, रंगाने सावळी, बोलीने वेगळी. त्यांनी भाजलेल्या चुन्यावरच राजवाडा उभा राहिला होता. पण त्यांच्या अंगाला अंग लागू द्यायचे नाही, अशी ऐलथडीची रीत होती. ती कोणी घातली ते कोणाला माहीत नव्हते आणि कोणी विचारीतही नव्हते.

या राज्यात एक राजवैद्य होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आठवड्यातून एकदा तो नावेने पैलथडीला जाई. बाकीचे वैद्य तेवढेही करत नसत. तिथल्या रोग्याच्या मनगटावर तो चार पदरी रेशमी फडके ठेवी, त्यावर तीन बोटे टेकवी आणि डोळे मिटून नाडी पाही. तीस वर्षे असे पाहून पाहून त्याने एक नाडीपोथी लिहिली. तिच्यात एक ओळ होती: 'पैलथडीच्या माणसाची नाडी जन्मतःच मंद असते. त्याला काढा अर्धाच द्यावा, पुरा सोसत नाही.'

नदीकाठी जिथे जिथे भट्ट्या होत्या अशा चाळीस गावांत त्या पोथीच्या नकला गेल्या. गावोगावच्या वैद्यांनी ती ओळ पाठ केली. फडक्याचा उल्लेख मात्र पोथीत कुठेच नव्हता. वैद्याने तो लपवला होता असे नाही. ते फडके इतके सवयीचे झाले होते की त्याला ते दिसतच नव्हते.

एका वर्षी तापाची साथ आली. ऐलथडीला एक तिरडी निघाली की पैलथडीला तीन निघत. राजाने वैद्याला कारण विचारले. वैद्याने पोथी उघडून ती ओळ दाखवली. "महाराज, त्यांची प्रकृतीच तशी आहे." राजाचे समाधान झाले, दरबाराचे झाले. ऐलथडीचे लोक थोडे हळहळले आणि जेवायला बसले.

समाधान झाले नाही ते एकट्या वैद्याचे. पैलथडीच्या घाटावर त्याने एका बाईला चुनखडीची पाटी उचलताना पाहिले होते. ती पाटी ऐलथडीच्या दोघा गड्यांना मिळूनही हलली नसती. जन्माची मंद नाडी एवढे ओझे कशी उचलते? हा प्रश्न मनात आला की वैद्य दुसरेच काही हातात घेई. खल उचली, खाली ठेवी, अंगणात येरझाऱ्या घाली. तीस वर्षांची पोथी एका पाटीने खोटी ठरत नाही, असे स्वतःला बजावी, आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू.

शेवटी राहवेना, म्हणून तो नेहमीचा वार नसतानाही पैलथडीला गेला. त्याच दिवशी नदीला लोंढा आला, नावा बंद झाल्या, आणि वैद्याच्या स्वतःच्याच अंगात ताप भरला.

पैलथडीला एक सुईण होती. साथीत तीच घरोघर काढा देई, अगदी पोथीबरहुकूम, थेंबभरही जास्त नाही. लोकांनी तिला बोलावून आणले. वैद्य एका ओसरीवर कुडकुडत पडला होता. ती मनगटाला हात लावणार तोच त्याने सवयीने कमरेचे फडके काढले, त्याची घडी केली आणि आपल्याच मनगटावर ठेवली.

सुईणीने फडक्यावर बोटे टेकवली.

"मंद हाय," ती म्हणाली. "अर्धा काढा देते."

"मला? अगं, मी ऐलथडीचा आहे."

"आसाल. पर नाडी मंद हाय. मंद नाडीला पुरा काढा सोसत न्हाई, आसं तुमीच लिवलंय न्हवं?"

वैद्य घाबरला. अर्ध्या काढ्याने हा ताप दोन दिवस दबतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस जातो, हे त्याने ऐलथडीला काढा अर्ध्यावर सोडणाऱ्यांत पाहिले होते. "वेडी आहेस का," तो म्हणाला, "फडक्यावरून नाडी मंदच लागणार."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळले. सुईण फडक्याकडे पाहत राहिली. भट्टीचा धूर ओसरीवर येत होता.

"म्हंजे म्हैन्यामागं माझ्या सुनेच्या मनगटावर बी ह्येच फडकं व्हतं," ती म्हणाली. "मी तिला अर्धाच काढा दिला. तिसऱ्या दिशी गेली."

वैद्याने डोळे मिटून घेतले. तीस वर्षांत आपण किती मनगटांवर हे फडके ठेवले, ते त्याला आठवू लागले आणि आठवणे थांबेना. सुईणीने मात्र फडके उचलून बाजूला ठेवले, उघडे मनगट धरले आणि त्याला पुरा काढा पाजला. त्या वेळी तिच्या मनात काय आले असेल ते तिचे तिलाच ठाऊक. तिच्या जागी मी असतो तर काय केले असते, ते मला सांगवत नाही.

ताप उतरल्यावर वैद्याने प्रथम सुईणीचा हात हातात घेऊन नाडी पाहिली. ती ठणठणीत होती. मग तो घरोघर हिंडला. नावा सुरू झाल्या तरी परतला नाही. तीनशे मनगटे त्याने फडक्याशिवाय पाहिली. बहुतेकांची नाडी ऐलथडीच्या माणसांसारखीच होती, आणि पुरा काढा सगळ्यांनाच सोसला. पण भट्टीच्या तोंडाशी राबणाऱ्यांची नाडी खरोखर मंद लागली. वैद्य चक्रावला. एवढे झाल्यावर पोथी खरी निघते की काय, या भीतीने त्याला जेवण जाईना. भट्टीवर देखरेख करणारा मुकादम होता. तो ऐलथडीचा, दहा वर्षे त्याच धुरात बसलेला. वैद्याने त्याचाही हात धरला. त्याचीही नाडी तशीच मंद. म्हणजे दोष जन्माचा नव्हता, धुराचा होता.

सुईणीला बरोबर घेऊन वैद्य दरबारात गेला आणि त्याने सगळे सांगितले. राजाने पोथी उघडून ती ओळ पाहिली.

"वैद्यराज, चूक कोणाची होत नाही? ती ओळ खरवडून काढा आणि तिथे नवी लिहा. पोथीची अब्रू राहील, तुमचीही राहील."

"आणि ते भट्टीचे तेवढे लिहू नका," प्रधान म्हणाला. "अर्धवट ऐकणारे म्हणतील, बघा, मंदच निघाले ना शेवटी. त्या लोकांच्या भल्यासाठीच सांगतो आहे."

प्रधान मनापासून बोलत होता. वैद्यालाही क्षणभर ते पटले. खरे सांगायचे तर दोन्ही सूचना त्याला गोड लागल्या. त्याने सुईणीकडे पाहिले.

"धुरानं मानूस झिजतंय ते लिवायचं न्हाई, मग धूर हटवनार कोन?" सुईण म्हणाली. "आमच्या इरुद्ध खोटं लिवलं तवा आमी मेलो. आता आमच्या बाजूनं खोटं लिवाल, तरी बी मरनार आमीच."

वैद्याने पोथी पुढे ओढली.

"महाराज, ओळ खरवडली तर मी कसा चुकलो हे पुढच्या वैद्याला कळणार नाही. तोही फडके ठेवील."

"लोक तुम्हाला हसतील, वैद्यराज."

"हसू देत. माझ्या पोथीने माणसे मेली आहेत."

त्याने त्या ओळीवर एकच रेघ मारली, खालची अक्षरे वाचता येतील अशी. शेजारी लिहिले: 'हे मी फडक्यावरून पाहिले होते.' त्याखाली भट्टीचे लिहिले, मुकादमासकट.

भट्ट्या वस्तीपासून दूर हलल्या. पैलथडीला पुरा काढा मिळू लागला. पुढच्या साथीत दोन्ही थड्यांवर तिरड्या सारख्याच निघाल्या, आणि थोड्या निघाल्या.

पण चाळीस गावांत गेलेल्या नकलांचे काय? वैद्याला घरी बसवेना. तो म्हातारपणी पायी निघाला. काही गावांनी रेघ लगेच मारली. काही ठिकाणी वैद्यांनी तोंडे वाकडी केली. "आम्ही इतकी वर्षे पाहतो आहोत, त्यांची नाडी मंदच असते," ते म्हणत. मग हा वैद्य त्यांच्याच मनगटावर ते चार पदरी फडके ठेवी, शेजारच्या वैद्याला नाडी पाहायला लावी आणि म्हणे, "आता यांना अर्धा काढा द्या." तेवढ्यावर बहुतेक जण रेघ मारीत. तरी एखाद्या गावात तो दोन दिवस उशिरा पोचे, आणि वेशीवरच त्याला तिरडी भेटे. त्या दिवशी तो जेवत नसे.

एकोणचाळीस गावे झाली. चाळिसाव्या गावाच्या वाटेवर तो दम खायला बसला तो उठलाच नाही. पोथीची नक्कल मात्र त्या गावात केव्हाच पोचली होती. तिथे ती ओळ अजून पाठ म्हणतात, आणि काढा अर्धाच देतात.

तात्पर्य: दुसऱ्याला मोजण्याआधी मधले आपले फडके पाहावे, आणि चूक सापडली तर ती खरवडून न टाकता सर्वांना वाचता येईल अशी खोडावी.