केरबाच्या गाडीवरचा दिवा

बोरखिंडी नावाच्या गावात केरबा म्हणून एक भोळा ड्रायव्हर राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? आत्या म्हणाली, "केरबा, दुधाकडं बघ जरा," की हा दूध उतू जाऊन गॅस विझेपर्यंत बघत बसायचा. आत्या ओरडली की म्हणायचा, "बघत होतो की! पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं."

आता अशा माणसाला गाडी कोण देईल? नगरपंचायतीनं दिली. कारण केरबाचे दोन गुण होते. तो दारू पीत नव्हता आणि सांगितलेलं ऐकत होता. दुसऱ्या गुणानं किती घोटाळा होतो हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

आईबापामागं आत्यानंच त्याला वाढवलं होतं. पोराचं लग्न व्हावं, घरात सून यावी, एवढं एकच खूळ त्या बाईच्या डोक्यात. शेजारच्या उंबराळ्याच्या पांडातात्यांची रेश्मा तिला पसंत होती. केरबाला तर इतकी पसंत होती की तिचं नाव निघालं तरी तो लाजून खांबाआड जायचा. पण पांडातात्या म्हणजे हिशेबी माणूस. ते म्हणाले, "पोराची नोकरी कायम होऊ दे. कायम झाली की अक्षता टाकू. काढून टाकला, तर मला तोंड दाखवू नका."

म्हणजे बघा, नोकरी राहिली तर बायको, नोकरी गेली तर खांब.

अशात केरबाच्या त्या कचऱ्याच्या पिकअप गाडीवर दिवा आला. तसा साधा दिवा नव्हे हां. हातभर लांबीची, चपटी, एलईडीची पट्टी. टपावर ठेवली की लोहचुंबकानं घट्ट बसायची. बटण दाबलं की लाल, निळा, पिवळा असा लखलखाट सुटायचा की भर दुपारी डोळे दिपावेत. ॲम्ब्युलन्सला असतो, बंबाला असतो, रस्त्याच्या कामावरच्या गाडीला असतो, तसला. आमच्या नगराध्यक्षांना लाल दिव्याच्या गाडीची फार हौस. पण पुढाऱ्यांनी दिवा मिरवायचे दिवस गेलेले. म्हणून मग त्यांनी कचऱ्याच्या गाडीला दिवा लावून तिच्यात पुढच्या सीटवर बसायला सुरुवात केली. हौसेला मोल नसतं, आणि ते मोल नगरपंचायत भरत असली की अजिबातच नसतं.

दिव्याची पूजा झाली. नारळ फुटला, पट्टीला हळदीकुंकू लागलं, खाली लिंबू-मिरची लोंबायला लागली. बटण दाबलं तशा बायकांनी हात जोडले आणि एक वासरू दावं तोडून पळालं.

दिवा एक, बटण एक आणि कामं छप्पन्न. खड्डे बुजवायला तोच दिवा, आगीला तोच, पेशंटला तोच. कुठल्या कामाला दिवा लागलाय हे शहाण्या माणसाला कळतं. केरबाला सांगावं लागायचं.

सांगायला मुकादम रंगराव होते. रागीट माणूस, पण मनानं वाईट नाही. पहिल्याच दिवशी स्टँडपुढचा खड्डा बुजवायचा होता. मुकादम म्हणाले, "केरबा, नीट ऐक. दिवा लागला की गाडी रस्त्यात आडवी लावायची. कुणालाही पुढं सोडायचं नाही. कुणी का असंना!"

"व्हय मुकादम."

केरबानं गाडी आडवी लावली आणि एसटीसुद्धा सोडली नाही. खड्डा बुजला. मुकादमांनी पाठ थोपटली. केरबा खूश.

दुसऱ्या दिवशी माळावर एका नगरसेवकाच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. तालुक्याहून बंब आला. बंबवाल्यांना गावातल्या बोळांची माहिती नाही. मुकादमांनी केरबाला पिटाळलं. "दिवा लाव आणि बंबाच्या पुढं हो! वाट दाखव त्यांना!"

केरबा बंबाच्या पुढं झाला. दिवा लावला. सोनारबोळ आला, तिथं दोन गाड्या शेजारी मावत नाहीत. केरबानं नेमकी तिथंच गाडी आडवी लावली आणि खाली उतरून हात पसरून उभा राहिला.

बंबवाला भोंगा वाजवून वाजवून दमला. "अरे बाबा, सर की बाजूला! आग लागलीय!"

"दिवा लागलाय," केरबा म्हणाला. "काम चालू आहे."

"कसलं काम?"

केरबानं इकडंतिकडं बघितलं. "आत्ता सुरू होईल."

काम सुरू व्हायच्या आधी कडबा संपला. मुकादमांनी कपाळावर हात मारला. केरबाची नोकरी त्याच दिवशी जायची, पण तो नगरसेवक निघाला विरोधी पक्षाचा. नगराध्यक्ष म्हणाले, "पोरगा नवीन आहे, शिकेल." इतक्या मायेनं ते आजवर कुणाबद्दल बोलले नव्हते.

मुकादम मात्र तापले. "लेका, दिवा लागला की सुसाट सुटायचं! मागं बघायचं नाही, रस्ता संपेतोवर थांबायचं नाही. ध्यानात ठेवशील?"

"ठेवीन मुकादम. हे आधी सांगितलं असतं तर तेव्हाच सुटलो असतो."

त्याच आठवड्यात रस्त्यावर पांढरा पट्टा मारायचं काम निघालं. रंगाची टाकी असलेली ढकलगाडी दोरानं पिकअपला मागं बांधली. पुढं दिनू पेंटर खडूनं खुणा करत चालणार, त्याच्यामागं केरबानं गाडी न्यायची, मागं पट्टा उमटत येणार. असा बेत होता. दिनू पेंटर खाली वाकला. मुकादम म्हणाले, "हां, लाव दिवा!"

केरबानं दिवा लावला आणि सुटला.

दिनू पेंटर गटारात उडी मारून वाचला. पिकअप पुढं, ढकलगाडी मागं, आणि तिच्यातून पट्टा. पट्टा बाजारपेठेतून गेला. वांग्यांच्या ढिगावरून गेला. एका शिंप्याचं धोतर वाळत पडलं होतं, त्याला काठ देऊन गेला. रस्त्यात बसलेल्या म्हशीनं उठायचा कंटाळा केला, तर तिच्या शेपटीवरून गेला. गावाबाहेर पडला, ओढा ओलांडला आणि उंबराळ्यात शिरला. उंबराळ्याचा रस्ता पांडातात्यांच्या अंगणात संपतो. तिथं केरबा थांबला.

रेश्मा तुळशीला पाणी घालत होती. तिनं गाडी बघितली, पट्टा बघितला, केरबा बघितला. "काय हो हे?"

"रस्ता संपला," केरबा म्हणाला, आणि लाजून गाडीआड गेला.

आता ही नोकरी जायला हवी की नको? मलाही तसंच वाटलं होतं. पण नगराध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याचं उद्घाटन केलं. 'बोरखिंडी ते उंबराळे मार्गाचं सुशोभीकरण' असा फलकही लागला. पट्टा जिथं जिथं नागमोडी गेला होता, तिथं वाहनांनी वळण घ्यावं, असं त्यांनी भाषणात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

दिनू पेंटरच्या अंगाला अजून गटाराचा वास येत होता. त्यानं मुकादमांना धरलं आणि मुकादमांनी केरबाला.

"अरे गाढवा, दिवा लागला की हळू! पुढं माणूस चालत असंल, तर त्याच्या मागं मागं जायचं, त्याच्याच चालीनं. तो थांबला की थांबायचं. समजलं?"

"समजलं मुकादम. पण तुम्ही दर वेळी वेगळंच सांगता बघा."

मुकादम टोपी झटकून चालते झाले.

मग एका सकाळी उंबराळ्याहून फोन आला. पांडातात्यांच्या छातीत कळ आली होती. ॲम्ब्युलन्स बंद पडलेली. मुकादमांनी केरबाला गदागदा हलवलं. "पळ! तुझाच सासरा व्हायचाय तो. दिवा लाव आणि घेऊन ये दवाखान्यात!"

तात्यांना काही झालं तर रेश्मा रडेल, ह्या विचारानं केरबाचेच डोळे भरले. तो बिगीबिगी गेला, तात्यांना पुढं बसवलं, दिवा लावला आणि गाडी वळवली. तर समोर एक माणूस चालला होता. हातात पाण्याची बाटली. सकाळच्या वेळी हातात बाटली घेऊन माणूस कुठं जातो, ते सांगायला नको.

केरबा त्याच्या मागं लागला. त्याच्याच चालीनं.

त्या माणसानं मागं बघितलं. लाल, निळा, पिवळा लखलखाट. त्याला वाटलं, उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पथक आलं. तो हळू चालला, केरबा हळू. तो बाभळीपाशी थांबला, केरबा थांबला. तो वाट सोडून शेतात शिरला, तर गाडीही ढेकळांतून शेतात. शेवटी बिचाऱ्यानं हात जोडले. "साहेब, घरात संडास आहे हो! पण त्यात बायकोनं कांदे भरून ठेवलेत!"

"तुमचं चालू द्या," केरबा म्हणाला. "आम्ही थांबतो."

पांडातात्या छाती धरून किंचाळले, "अरे, मी मरायला लागलोय! पुढं हाण की गाडी!"

"पुढं कसं जाऊ तात्या? माणूस थांबलाय."

तात्यांनी दार उघडलं, दोन अस्सल शिव्या दिल्या आणि छाती धरून चालू लागले. आता चमत्कार ऐका. ओढ्यापर्यंत चालल्यावर त्यांना मोठ्ठा ढेकर आला. मग दुसरा आला. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा कळ गायब! डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तात्या, गॅस धरला होता. चालत आलात ते बरं केलंत."

तात्या भारावले. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "पोरगा दिसतो तसा नाही. माझा रोग त्यानं डॉक्टरच्या आधी ओळखला." आणि लग्न ठरलं. नोकरीही कायम झाली. तात्यांनी नगराध्यक्षांपुढं केरबाची इतकी वाहवा केली की त्यांना कायम करणं भागच पडलं.

आत्या देवापुढं बसून रडली. "माझ्या पोराचं चांगलं झालं गं बाई!"

गावात एकटे मुकादम तेवढे बेचैन होते. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी केरबाला बाजूला घेतलं. "तात्यांना गॅस होता म्हणून निभावलं. उद्या खरा पेशंट असला तर? आता शेवटचं सांगतो, पुन्हा सांगणार नाही. दिवा लागला की गाडीतल्या माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं. तो रडंल, नको म्हणंल, घरी सोडा म्हणंल. पेशंट असंच करतात. घरचे गळ्यात पडून रडतील. लक्ष द्यायचं नाही. डॉक्टरच्या ताब्यात द्यायचं, मगच दिवा बंद. आणि तिथं रेंगाळायचं नाही, गाडी घेऊन माघारी यायचं."

"व्हय मुकादम," केरबा म्हणाला. हे मात्र त्यानं अगदी मनावर घेतलं.

लग्न थाटात झालं. उंबराळ्यात मांडव, जिलबी, वाजंत्री, सगळं. जेवणं झाली, आत्या वऱ्हाडाबरोबर टेम्पोतून पुढं गेली. सून घरात घ्यायची म्हणजे उंबऱ्यावर माप ठेवायचं, तांदूळ भरायचे, ओवाळायचं ताट करायचं. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

इकडं पाठवणीची वेळ झाली. पांडातात्यांचा हट्ट होता, "माझी पोर दिव्याच्या गाडीतून सासरी जाईल." नगराध्यक्षांनी गाडी दिली होती. सरकारी गाडी दुसऱ्यानं चालवायची नाही, म्हणून मुंडावळ्या बांधून नवरदेवच स्टिअरिंगवर बसला. पाठराखीण म्हणून निघालेल्या मावशींना तो दिवा बघूनच गरगरलं, त्या राहिल्या.

रेश्मा आईच्या गळ्यात पडली. "आई, मी नाही जाणार गं!" आई रडली, चुलत्या रडल्या, शेजारणी रडल्या. सकाळपासून पोरीनं घास खाल्ला नव्हता, रडून रडून डोळे सुजलेले. तिला धरून धरून गाडीत बसवलं. आई काचेतून म्हणाली, "जपा हो माझ्या लेकीला!"

पांडातात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, छाती पुढं काढली आणि ऐटीत ओरडले, "जावईबापू, लावा दिवा!"

झालं!

गाडी बोरखिंडीत शिरली. देवळापाशी डावीकडं वळलं की केरबाचं घर. केरबा उजवीकडं वळला.

"अहो, घर तिकडं राहिलं," रेश्मा हुंदके देत म्हणाली.

"असंच वाटतं सुरुवातीला," केरबा म्हणाला. किती मायेनं म्हणाला!

"अहो, कुठं नेताय मला? घरी चला ना!"

"घाबरायचं नाही. सगळेच असं म्हणतात."

दवाखान्यात डॉक्टर नेमके नवीन होते. शालू, हिरवा चुडा, सुजलेले डोळे बघून ते धावतच आले. "काय होतंय यांना?"

"सकाळपासून जेवण नाही, रडणं थांबत नाही, इथं नको म्हणती," केरबानं भडाभडा सांगितलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी बघितलं. उपाशी पोटी ते खाली गेलेलं. "ताबडतोब भरती करा!" ते नर्सला म्हणाले. रेश्मा काही सांगायला गेली, तर नर्सनं तिच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि हाताला सलाईन लावलं.

"तुमच्या ताब्यात दिली ना?" केरबानं विचारलं.

"हो हो, दिली. आता काळजी करू नका."

केरबा बाहेर आला. दिवा बंद केला. ह्या खेपेला सगळं बिनचूक झालं, म्हणून त्याला इतका आनंद झाला की तो गाणं गुणगुणत घरी आला.

दारात आत्या ताट घेऊन उभी. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. मागं सगळी भावकी. केरबा एकटाच उतरला, मुंडावळ्या सारख्या केल्या, आणि मापाला पाय लागू नये म्हणून जपून त्यावरून उडी मारून आत आला.

आत्यानं गाडीत बघितलं. गाडीखाली बघितलं. "केरबा, अरे, सून कुठाय?"

"भरती केली," केरबा म्हणाला. "सलाईन लावलंय. अगदी वेळेत पोचवली."

ताट आत्याच्या हातातून पडलं. वऱ्हाडात आरडाओरडा उठला. मुकादम रंगराव भिंत धरून खाली बसले.

"रडतेस कशाला आत्या? सकाळी भेटायला सोडतात," केरबा तिची समजूत घालत म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा काळजीत पडला. "पण नर्सबाई म्हणाल्या, आत फक्त जवळच्या माणसाला सोडणार. तिचं जवळचं असं ह्या गावात कोण आहे का गं?"