एकशे अठरा अर्थ

"आन् ह्ये समदं एकाच शब्दाचं अर्थ?"

बिरूअण्णांनी विचारले आणि धारप मास्तरांचा दुखरा हात आपल्या मांडीवर घेतला.

"एकाच," मास्तर म्हणाले. "सेट. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतक्या कामांना जुंपलेला दुसरा शब्द पाहिला नाही. माझ्या शब्दकोशात एकशे अठरा अर्थ आहेत. मला सगळे पाठ आहेत."



मास्तरांचा उजवा खांदा आदल्या दिवशी निखळला होता. वरच्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश काढायला ते स्टुलावर चढले आणि शब्दकोशासकट खाली आले. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला. पण हात लागला की मास्तर अंग लाकडासारखे ताठ करीत. खांदा बसेना. उद्या मोठ्या दवाखान्यात भूल देऊन बसवू, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मास्तरांना धडकी भरली.

त्यांना दुखण्याची भीती नव्हती. भुलीची होती.

त्यांचे वडील शेवटच्या चार वर्षांत एकेक करून सगळे विसरले. एक दिवस तर हातात चप्पल धरून त्यांनी मुलालाच विचारले, "आपण कुणाचे?" तेव्हापासून मास्तर रोज पहाटे अंथरुणात बसून त्या एका शब्दाचे अर्थ क्रमाने म्हणत. एकशे अठरा भरले की डोके शाबूत. मगच ते तोंड धुवायला उठत.

भुलीतून जागे झाल्यावर त्यातला एक जरी गळाला तर...

म्हणून ते भाच्याच्या जीपमधून या धनगरवस्तीवर आले होते. बिरूअण्णा मेंढरांची हाडे बसवीत, माणसांचीही. आल्या आल्या मास्तरांनी त्यांना बजावले होते, की हिसका द्यायचा नाही आणि सांगितल्याशिवाय काही करायचे नाही. शिवाय अण्णांच्या या कामालाही इंग्रजीत सेट करणेच म्हणतात, यादीत चौऱ्याहत्तरावे, हेही त्यांनी सांगून टाकले होते.

"म्हना की मग," अण्णा म्हणाले. "पयल्यापास्नं."

"सगळे?"

"मला कुठं जायाचंय?"

मास्तरांनी सुरुवात केली. सूर्य मावळतो, तो एक. दही लागते, तो दुसरा. हिरा कोंदणात बसवतात, घड्याळ लावतात, सापळा लावतात, कवितेला चाल लावतात. कोंबडी अंड्यांवर बसवतात, त्यालाही हाच शब्द. वर्गात म्हणत तसे ते खणखणीत म्हणत होते. अण्णांचा अंगठा त्यांच्या खांद्याभोवती हळूहळू फिरत होता. मास्तरांची मान दगडासारखी होती.

"मास्तर, दात सोडा."

"दात आवळणं हाही सेटच," मास्तर म्हणाले. "चाळिसावा."

त्यांनी दात सोडले नाहीत.

पलीकडे पायाला पाला बांधून एक मेंढका आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याने साठपर्यंत धीर धरला. मग म्हणाला, "मास्तर, आमचं बारकं ब्यांकेत चिकाटलं, तवा पावनं म्हनलं, पोरगं सेट झालं. त्यो कितवा?"

"तो इंग्रजीत नाही. तो तुमचा."

"मंग एकशे एकुनीस झालं की."

मास्तरांनी त्याच्याकडे असे पाहिले, की पूर्वी सगळा वर्ग उभा राहिला असता. मेंढका पायावरचा पाला चाचपू लागला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फक्त मास्तरांचे कोपर जरा वर धरले आणि वाट पाहिली.

मास्तर पुढे निघाले. सत्तर. ऐंशी. काँक्रीट घट्ट होणे. परीक्षेचा पेपर काढणे. आग लावणे.

"एक्याण्णव, प्रवासाला निघणं. ब्याण्णव, फुलाचं फळ धरणं. त्र्याण्णव..."

...

"त्र्याण्णव..."

त्यांनी पुन्हा ब्याण्णवपासून सुरुवात केली. फळ धरणे. त्यापुढे काही नव्हते.

समोर बाभळीखाली कोकरे बांधली होती. मास्तर तिकडे बघत राहिले, पण त्यांना कोकरे दिसत नव्हती. आत, एकेका खोलीचे दार उघडून ते त्या एका अर्थाला शोधत फिरत होते. तोंड उघडे राहिले. जबडा सुटला. मान सैल झाली. मांडीवरचा हात आपला आहे, याचेही भान त्यांना उरले नाही.

अण्णांनी हिसका दिला नाही. झोपलेले कोकरू उचलावे तसे कोपर बाहेर घेतले आणि किंचित वळवले.

खट्.

"बसला," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी खांद्याकडे पाहिले. कालपासूनची कळ गेली होती. बोटे हलत होती. तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अण्णा, त्र्याण्णवावा गेला."

अण्णांनी धोतराचे पान फाडले आणि हात गळ्यात बांधू लागले. तीन आठवडे हात वर न्यायचा नाही, म्हणाले. स्टुलावर चढायचे नाही. उद्या डॉक्टरांना दाखवून यायचे.

मास्तर ऐकत नव्हते. ओठ हलत होते. ब्याण्णव... ब्याण्णव...

गाठ मारून झाली. मेंढका लंगडत पुढे आला, पण अण्णांनी त्याला हाताने थांबवले.

मग मास्तर बोलले. आवाज वर्गातला नव्हता.

"हाडाचं झालं, अण्णा. विसरण्यावर काही आहे का तुमच्याकडे?"

अण्णांनी त्यांच्याकडे नीट पाहिले.

"मास्तर, मी तर मघाधरनं तुमच्या इसरन्याचीच वाट बघत हुतो."