रापणीचा दोर

"मग ही पाच घरां इली खंयसून, बाबा?"

गफूरबाबा फाटकं जाळं शिवत राहिले...

भास्कर तांडेलला गप्प बसणं कधी जमलंच नव्हतं. दर्याचे वारे, आभाळातले तारे, गावच्या जुन्या गोष्टी, सगळं तो याच म्हाताऱ्या फकिराकडून शिकला. आता शहाणा झाला होता, जरा जास्तच. गावचा इतिहास लिहायला बसला आणि किनाऱ्यावर हक्क कोणाचा, याची यादीच करू लागला. दक्षिणेकडची पाच घरं त्याच्या डोळ्यांत खुपत होती. मूळची नव्हेतच ती! आज होड्या लावतात, उद्या किनारा बळकावतील. बाबांनी एकदा मान डोलावली, की गाव त्या घरांना उठवणार होतं.

"गप कित्याक, बाबा?"

"आयकतंय."

भास्करच्या मनात पाल चुकचुकली. हा म्हातारा त्यांना पाठीशी का घालतो? दर्ग्याशेजारी झोपडी बांधण्याआधी हा तरी कुठे होता?

"तुमी खंयचे, बाबा?"

बाबांनी दातांनी दोरा तोडला.

"रापण लागली," ते म्हणाले. "जा."

रापण म्हणजे होडीतून अर्धगोल टाकलेलं भलंमोठं जाळं. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही गावची रीत.

भास्कर तरातरा गेला. पाच घरांची माणसं दोराला होतीच.

"तुमी नको! सोडा दोर. वाटो गाववाल्यांक."

त्यांनी दोर सोडला आणि ती वाळूत जाऊन बसली.

तेवढ्यात जाळं जड झालं. बांगडा! अख्ख्या हंगामात एवढी मासळी लागली नव्हती. पलीकडचं टोक येत होतं, हे मात्र उलटं समुद्रात जाऊ लागलं. तळहात सोलले. भास्करचे पाय वाळू उकरत पाण्याकडे घसरले. जाळं एका अंगाला कललं आणि मासळी निसटू लागली. गावाच्या तोंडचा घास डोळ्यांदेखत चालला होता.

"धरा!" तो ओरडला. "धरा रे... कोणीपण धरा!"

पाच घरांची माणसं उठून उभी राहिली, पण कोणी पुढे येईना.

बाबा आले. भास्करच्या मागे उभं राहून त्यांनी दोर घट्ट धरला, आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले,

"आता इचार, मी खंयचो."