अपूर्ण मागणी

सन २०२३, वैशाखाचा शेवटचा आठवडा. वळीव रोज दुपारी झोडपून जात होता. नदीकाठच्या एका बाजारगावात निवृत्ती कुंभार अंत्यविधीचे सामान विकत असे. बांबू, मडके, कोरे कापड, सुतळी, गोवऱ्या. आसपास दुसरे असे दुकान नव्हते.

पूर्वी त्याची रीत साधी होती. माणूस दाराशी आला की सामान द्यायचे, नाव मागाहून वहीत लिहायचे. आदल्या वर्षी पुण्याच्या जावयाने दुकान इंटरनेटवर आणले. आता गिऱ्हाइकाने मोबाइल नंबर द्यायचा, त्यावर आलेला ओटीपी सांगायचा, मगच गोदामातून सामान निघायचे. धंदा सात गावांत पसरला. निवृत्तीने जुन्या वह्या बंबात घातल्या. जावई पुण्यात बसून एकेका मडक्यावर नजर ठेवी. त्याच्यापुढे आपण अडाणी ठरू नये, याची निवृत्तीला फार काळजी असे.

त्या आठवड्यात रंगनाथ शिंप्याची आई वारली. रंगनाथ निवृत्तीचा शेजारी, दोघे बरोबरीचे. तो दुकानात आला. निवृत्तीने त्याचा नंबर संगणकात घातला. दुकानाची इंटरनेटची लाइन चालू होती, पण गावाचा मोबाइल टॉवर वादळाने बंद पडला होता. ओटीपी येईना.

"थांब जरा," निवृत्ती म्हणाला.

"मी थांबेन, आईला किती वेळ ठेवू? वहीत लिही आणि दे."

"वह्या बंद केल्या."

"मग तोंडाकडे बघून दे. चाळीस वर्षं शेजारी राहतो. मी कोण, हे तुला टॉवरनं सांगायचं का?"

"नियम सगळ्यांना एकच, रंगा. स्टॉक जुळला नाही तर पुण्याहून फोन येतो."

निवृत्तीची बायको अनसूया आतून आली. "अहो, द्या. जावयाला मी सांगते."

"तू यात पडू नकोस."

रंगनाथ ऊन कलेपर्यंत पायरीवर बसला. सामान त्याच्यापासून चार हातांवर रचलेले होते. मग तो उठून गेला. त्याने आईला घरातल्या शिडीवर बांधून नेले. मडके म्हणून पाण्याचा माठ घेतला.

दुसऱ्या दिवशी टॉवर चालू झाला. रंगनाथच्या मोबाइलवर दुकानाचा निरोप आला, 'आपली मागणी अपूर्ण आहे. आजच पूर्ण करा आणि दहा टक्के सवलत मिळवा.' निवृत्तीने तो पाठवला नव्हता. असे निरोप संगणक आपला आपण पाठवी. दहाव्याला जमलेल्या लोकांना रंगनाथने तो वाचून दाखवला. त्यानंतर गावातले कोणी निवृत्तीच्या दुकानाकडे फिरकले नाही. लोक तालुक्याहून सामान आणू लागले.

पौषात अनसूया गेली. गोदाम सामानाने भरलेले होते, पण तिरडी बांधायला एकही माणूस आला नाही. लेक आणि जावई अजून वाटेत होते. लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. निवृत्ती अंगणात बांबू टाकून एकटाच बांधायला बसला. गाठ बसेना.

दुपारी रंगनाथ तीन चुलतभावांना घेऊन आला. चौघांनी तिरडी बांधली, खांदा दिला, अनसूयेला नदीवर नेले. अग्नी दिल्यावर चौघे परस्पर निघाले.

"रंगा, घरी चल. कडुनिंबाचं पान तरी तोंडात घाल," निवृत्ती म्हणाला.

"माझ्या बापाला तू खांदा दिला होतास," रंगनाथ म्हणाला. "ते आज फिटलं."

तात्पर्य: धंदा यंत्राने खुशाल चालवावा. पण दारात उभ्या माणसाला नाही म्हणायचे काम यंत्रावर ढकलू नये. तो नकार शेवटी आपल्याच नावावर राहतो.