भोपळ्याची ऐतखाऊ फुलं

पालवडीचे खोत भारी चौकस. रोज परसात वाकून भोपळ्याचा वेल तपासत. काही फुलांच्या बुडाशी चिमुकला भोपळा असे, काहींना नुसताच लांब देठ.

"ही ऐतखाऊ फुलं फळ धरत नाहीत. सगळी खुडा, भजी करा!" त्यांनी फर्मावलं.

महिना झाला, तरी एकही भोपळा मोठा होईना. चिमुकले पिवळे पडून गळू लागले. खोत परस राखणाऱ्या चंद्राक्कावर कडाडले, "कारण सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

चंद्राक्का म्हणाली, "सरकार, तुम्ही खुडलीत ती नरफुलं. या घरात चार बाळंतपणं झाली, चारही बाईसाहेबांची. म्हणून तुम्हाला कुणी ऐतखाऊ म्हणून खुडलं का?"

त्या दिवसापासून खोतांकडे भजी कांद्याची होऊ लागली.